सुसरबाईच्या पाठीवरचं आकाश

मी सुसर बोलतेय. पाय आखडून घेऊ नका, मी पाण्यातली नाही. सागवानाच्या दोन फळ्या, त्यांना एका टोकाला जोडणारी पितळी बिजागरी आणि दुसऱ्या टोकाला खालून वर घुसणारा एक लांब स्क्रू, एवढाच माझा पसारा. स्क्रू फिरवला की वरची फळी हळूहळू उचलली जाते आणि मी जबडा उघडल्यासारखी दिसते. म्हणून घरातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव सुसर ठेवलं. त्यावर मालकांना चेव आला. माझ्या वरच्या फळीवर कॅमेरा बसवताना ते दर वेळी म्हणायचे, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ!" माझी पाठ मऊबिऊ काही नाही, चांगली टणक आहे. पण गरज पडली की माणूस गोड बोलतोच, म्हणून मी ते चालवून घ्यायचे.

माझं काम ताऱ्यांच्या मागे मागे जायचं. रात्री कॅमेरा आकाशाकडे लावून बराच वेळ उघडा ठेवला, तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात, कारण आपल्या पायाखालची पृथ्वी फिरत असते. कॅमेराही तेवढ्याच वेगाने सरकत राहिला, तर टिंबाचं टिंब राहतं, आणि डोळ्याला न दिसणारे ताऱ्यांचे थवेच्या थवे फोटोत गोळा होतात. हे सरकवणं माझ्याकडे. फोटो चांगला आला की लोक म्हणतात, "वा, कॅमेरा कुठला?" राबायचं मी आणि मिरवायचं त्याने. असो.

मालकांचं फोटोंना चौकटी करायचं दुकान होतं. लोकांच्या लग्नांचे, पदव्यांचे, गेलेल्या आजोबांचे फोटो यायचे, मालक मापं घ्यायचे, काच कापायचे आणि तोंडाने अखंड बोलत राहायचे. गिऱ्हाईक असो नसो. गिऱ्हाईक नसलं तर करवतीशी बोलायचे. दुकान तळमजल्यावर, घर वरच्या मजल्यावर आणि घराच्या डोक्यावर गच्ची. बाई घरी शिवणकाम करायच्या. कोट, गणवेश, पडदे, कोणाची उसवलेली बाही, सगळं खिडकीजवळच्या मशीनवर. मशीन खिडकीजवळ होतं त्याला कारण होतं.

बाईंना उजेड कमी झाला की दिसायचं नाही. लहानपणापासूनच. लग्न झालं तेव्हा सगळ्यांनी ते 'जरा रात्रीचं कमी दिसतं' म्हणून सोडून दिलं होतं. पण पुढे दिवसाही दाराच्या कडेला खांदा आपटायला लागला, शेजारी ठेवलेली कात्री सापडेना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सरळ सांगितलं. आधी रात्रीचं जातं, मग कडा जातात, मधलं सगळ्यात शेवटी जातं. कधी ते सांगता येत नाही. औषध नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गच्चीवर एक गोष्ट घडली. तेव्हा मी जन्मले नव्हते, पण मालकांनी ती इतक्या वेळा सांगितलीय की मला पाठ आहे. त्यांची लेक तेव्हा लहान होती. ती आईला तारे दाखवत होती. "आई, तो बघ, मोठा. आणि त्याच्या शेजारी तीन ओळीत." बाई म्हणाल्या, "हो गं, दिसले. किती छान." मालकांनी बघितलं, तर बाईंचं तोंड भलत्याच बाजूला होतं, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे. जन्मात एकदाही या बाईने आभाळभर तारे बघितलेले नाहीत आणि आता लेकीचा हिरमोड नको म्हणून खोटं बोलतेय, हे मालकांच्या काळजात रुतलं. खाली आल्यावर ते म्हणाले, "तुझे डोळे आहेत तोवर मी तुला सगळं आकाश दाखवीन. दिवसाउजेडी. कागदावर."

"आधी स्वयंपाकघरातला दिवा बदला," बाई म्हणाल्या.

आता चौकटी करणाऱ्याला आकाशाचा फोटो कसा काढायचा हे कुठून ठाऊक असणार? पण दुकानात विज्ञान शिकवणारे एक मास्तर यायचे. त्यांनी स्वतः काढलेला ताऱ्यांचा फोटो चौकटीसाठी आणला आणि मालकांनी त्यांना तासभर सोडलंच नाही. मास्तरांनी दोन फळ्या, बिजागरी, स्क्रू असं सगळं समजावलं. म्हणाले, स्क्रूचं टोक मिनिटाला एक फेरा फिरवायचं, आणि बिजागरी तिरपी ठेवायची, तिचं टोक ध्रुवताऱ्याकडे.

कोणीतरी आरशाची चौकट करायला सांगून ती न्यायला आलाच नव्हता. त्या सागवानातून माझ्या फळ्या निघाल्या. बिजागरी जुन्या कपाटाची. स्क्रू फिरवायला खाली बरणीचं झाकण ठोकलं. त्याच दिवशी उरलेल्या लाकडातून मालकांनी एक मोठी चौकटही केली, माझी सख्खी बहीणच ती, आणि घरातल्या भिंतीवर रिकामीच टांगली. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय, भिंतीलाच चौकट?" मालक म्हणायचे, "पाहुणे यायचेत. जागा धरून ठेवलीय."

पहिल्या कित्येक रात्री मात्र पाहुणे आलेच नाहीत. तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट उमटायचे. मालकांनी स्क्रू तपासला, झाकण तपासलं, मला दोनदा उघडून पुन्हा जोडलं. मला कळत होतं, पण मला तोंड असून बोलता येत नव्हतं. शेवटी मास्तर स्वतः गच्चीवर आले, मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. जन्मभर चौकटींचे कोपरे कापलेला माणूस! 'तिरपं' म्हटलं की त्याचा हात आपोआप काटकोनाच्या निम्म्यावर जायचा. माझ्याखालचा ठोकळा मालकांनी अगदी चौकटीच्या कोपऱ्यासारखा नेमका कापला होता. आमच्या गावातून ध्रुव दिसतो त्या कोनाच्या कितीतरी खाली, आणि माझी बिजागरी मात्र त्याच्या डोक्यावरून पलीकडेच बघत होती.

"अहो, ध्रुव काय तुमच्या मापाने उगवणार?" मास्तर म्हणाले.

ठोकळा बदलला. तरी तारे थोडे थरथरलेलेच यायचे, कारण स्क्रू मालक फिरवायचे. हातोडीचा हात. मध्येच विसरायचे, मग घाईने भरपाई करायचे, वर बोलणं चालूच. एकदा बाई त्यांच्यासाठी चहा घेऊन भिंत चाचपत वर आल्या. थोडा वेळ त्यांनी झाकणाची करकर ऐकली आणि म्हणाल्या, "बाजूला व्हा. असं कोणी फिरवतं? टाका उसवेल अशाने."

त्या बसल्या आणि अंगठा झाकणावर ठेवला. काय सांगू तुम्हाला! वर्षानुवर्षं मशीनचं चाक सांभाळलेला तो हात. ना घाई, ना धक्का. मला वाटलं, मी पहिल्यांदाच नीट श्वास घेतेय. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकणाच्या काठावर कोटाचं एक बटण चिकटवलं. शेजारी टिकटिक करणारं घड्याळ ठेवलं. बटण एक फेरा मारून अंगठ्याखाली आलं की मिनिट झालं. ते बघायला डोळे लागत नव्हते. अंधार सगळ्यांनाच सारखा होता आणि त्या अंधारात बाईंइतकं सरावलेलं दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हापासून ठरून गेलं. बघायचं मालकांनी, फिरवायचं बाईंनी. आणि मालक बघता बघता बोलायचे. "आता विंचवाची नांगी वर आली बघ. अगदी खरी वाटते, आकड्यासकट. तिच्या बाजूला धूसर पट्टा आहे, धूर सांडल्यासारखा, ती आकाशगंगा. आता एक विमान आलं, मूर्ख लेकाचं."

"हळू बोला, तारे दचकतील," बाई म्हणायच्या. पण ते थांबले की लगेच विचारायच्या, "मग? पुढे?"

आमच्या इमारतीत पाण्याची टाकी बघणारे एक काका होते. ते ऐन वेळेला टॉर्च घेऊन वर यायचे आणि तो थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात मारायचे. "काय फ्रेमवाले, चंद्राला चौकट बसवताय का?" फोटोची माती व्हायची. मालकांनी एकदा त्यांना बसवून सगळं सांगितलं, बाईंच्या डोळ्यांचंही. त्यानंतर अमावास्या जवळ आली की गच्चीच्या जिन्यातला बल्ब आपोआप गायब व्हायचा आणि काका टॉर्चवर लाल कापड बांधून टाकी बघायचे.

आता खरी गंमत ऐका. तोवरचे रोल मास्तर धुऊन द्यायचे; पहिला नीट जमलेला रोल मात्र छान मोठा फोटो हवा म्हणून मालकांनी चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे दिला. हा माणूस कामाला चोख. लोकांच्या फोटोतले डाग, धूळ, ओरखडे बारीक कुंचल्याने असे घालवायचा की नवरा मुलगा दहा वर्षांनी तरुण दिसावा. मालक फोटो आणायला गेले, तर तो अभिमानाने म्हणाला, "फ्रेमवाले, तुमच्या निगेटिव्हवर भयंकर धूळ होती. दोन दिवस बसून एकेक ठिपका घालवला." आणि त्याने काळाकुळकुळीत, स्वच्छ, निष्कलंक फोटो पुढे केला. एक तारा म्हणून शिल्लक ठेवला नव्हता पठ्ठ्याने!

बाई त्या दिवशी पोट धरून हसल्या. मालकही हसले. हसण्यावारी न्यायला तेव्हा अजून वेळ हातात होता.

पुढल्या उन्हाळ्यात एका रात्री सगळ्या भागाची वीज गेली. गल्लीतून हळहळ ऐकू आली आणि आमच्या घरात धावपळ उडाली. मालकांनी मला काखोटीला मारलं, बाईंनी घड्याळ घेतलं. तसं आकाश मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाईंनी स्क्रू फिरवला, मालकांच्या तोंडाला खळ नव्हता. फोटो उत्तम आला होता, हे मी पैजेवर सांगते. पण स्टुडिओवाल्याला कुठे काय संपतं ते कळेना, धुतलेल्या रोलची पट्टी सगळीकडून सारखीच. त्याने आपल्या अंदाजाने कात्री चालवली आणि तो फोटो मधोमध कापला. विंचू एका तुकड्यात, नांगी दुसऱ्यात.

मालक ते दोन तुकडे घेऊन घरी आले आणि खुर्चीवर बसून राहिले. बोलले नाहीत. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या वर्षी बाईंना सुई ओवायला खूप वेळ लागायला लागला होता. शेजारून कोणी आलं तर दिसायचं नाही, अगदी समोर आलं तरच. वाट बघायला आकाशाला सवड होती, डोळ्यांना नव्हती.

बाईंनी ते तुकडे बोटांनी चाचपले. "शिवून देऊ का?" त्यांनी विचारलं. मालक हसले नाहीत. मग त्या म्हणाल्या, "त्याची काय चूक? काठ दिसल्याशिवाय मीसुद्धा कापडाला कात्री लावत नाही. त्याला काठ द्या. रोलवरचा पहिला फोटो दिवसाचा काढा, कोणाचाही. तिथून मोजत गेला की कापणं चुकायचं नाही."

"कोणाचा काढू?"

"मी बसलेय ना इथे आयती."

तेव्हापासून प्रत्येक रोलचा पहिला फोटो बाईंचा. आकाशाला काठ म्हणून. मशीनवर बसलेल्या बाई, तोंडात दोरा धरलेल्या बाई, "पुरे आता" म्हणून हात पुढे केलेल्या बाई, मुलीची वेणी घालणाऱ्या बाई. मालक त्या फोटोंकडे लक्षही द्यायचे नाहीत, पाकिटात टाकून द्यायचे. त्यांना घाई पुढच्या फोटोंची असायची.

पुढे पाऊस झाला, ढग झाले, चंद्र झाला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा वीज गेली, आणि या वेळी कात्री काठावरून चालली.

तो मोठा फोटो घरी आला ती दुपार होती. बाईंची नजर तोपर्यंत काजाएवढी उरली होती, बटणाच्या काजातून बघावं तशी. त्यांनी फोटो खिडकीत धरला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. कापडातली वीण तपासतात तशा त्या फोटो कणाकणाने सरकवत गेल्या. एका वेळी बोटभर आकाश. मालक बाजूला उभे होते, आणि कमाल म्हणजे गप्प होते. उन्हं उतरायला लागली तेव्हा बाई शेवटच्या कोपऱ्याला पोचल्या.

"इतके?" त्या म्हणाल्या. "आणि हे रोज असतात?"

"रोज."

"मग मी तेव्हा त्या पोरीशी अगदीच खोटं बोलले नाही म्हणायचं. छानच आहेत."

मालक लगबगीने दुकानात काच आणायला गेले. जिन्यात ते डोळे पुसत होते असं टाकीवाले काका नंतर सांगायचे. भिंतीवरच्या चौकटीत अखेर पाहुणे आले. माझी बहीण भरली. आणि मी, एक लाकडाची वस्तू, तेव्हा जितकी खूश होते तितकी पुन्हा कधी झाले नाही.

काही वर्षांत बाईंचं मधलंही गेलं. लेक शिकली, नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. बाई आणि मालक मात्र अमावास्येला गच्चीवर यायचे. फोटो आता फक्त मालकांनाच दिसायचे. पण फिरवायचं बाईंनी, हे बदललं नाही.

शेवटच्या रोलच्या वेळी बाई म्हणाल्या, "दर वेळी मीच काय? आज तुमचा फोटो मी काढते."

"अगं, तुला दिसणार कसं?"

"तुम्ही बोलत राहा, म्हणजे कळेल कुठे आहात ते. तेवढं जमेल ना?"

मालक समोर उभे राहिले आणि बोलायला लागले, की हात जरा वर, नको, खाली, कॅमेरा महाग आहे, पाडू नकोस, माझे केस विंचरलेले नाहीत. बाईंनी कान दिला आणि आवाजाच्या दिशेने बटण दाबलं. मग रात्री आम्ही गच्चीवर गेलो. रोल संपायचा राहिला.

तो महिना संपायच्या आत मालक गेले. पटकन सांगून टाकते, कारण सावकाश मला सांगता येत नाही. मला आणि कॅमेऱ्याला एका चादरीत बांधून माळ्यावर ठेवलं. तिथे मी किती काळ होते याचा हिशेब नाही. स्क्रूला गंज चढला. गल्लीत पांढरे प्रखर दिवे आले, ते माळ्याच्या फटीतूनही यायचे. स्टुडिओ बंद झाल्याचं मी खालच्या बोलण्यातून ऐकलं. सगळ्यात जास्त सलत होतं ते वेगळंच. घरात बोलणारं कोणी नव्हतं.

मग लेक बदली करून घरी परत आली. तिच्याकडे नवा कॅमेरा होता आणि माझ्याच कामाचं एक यंत्र, काळं, गुळगुळीत, पोटात मोटर असलेलं. एकदा बटण दाबलं की आपलं आपण फिरतं. मत्सर नको म्हणून मी त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही. ती आईला गच्चीवर घेऊन गेली. खाली आल्यावर ती कोणालातरी फोनवर सांगत होती, तेव्हा मला कळलं.

"आई म्हणाली, मी काय करू? मी म्हटलं, काही नको, मोटर आहे, तू नुसती बस. ती बसली. पण मांडीवर तिचा अंगठा सारखा गोल गोल फिरत होता गं. काहीतरी शोधत असल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी माळ्याचं दार उघडलं. चादर सुटली. कॅमेऱ्यात रोल तसाच होता. लेकीने तो शहरात शोधून शोधून एका म्हाताऱ्या कारागिराकडून धुऊन आणला. रात्रीचे सगळे फोटो राखाडी झाले होते, एक तारा उरला नव्हता. उन्हातला पहिला तेवढा वाचला होता, फिकट, पण स्पष्ट.

संध्याकाळी ती आईजवळ येऊन बसली. मी टेबलावर होते, स्क्रूला नुकतंच तेल दिलेलं होतं. बाजूला जुनी पाकिटं उघडून पडली होती आणि त्यातून बाहेर काढलेले सगळे काठ, सगळ्या तरुण, प्रौढ, पिकत गेलेल्या बाई टेबलभर पसरल्या होत्या.

"आई, तुझे इतके फोटो आहेत. बाबांचा एकच. तू काढलेला."

"आला का?" बाई एकदम ताठ बसल्या. "डोकं कापलं असेल मी."

"नाही. चेहरा अगदी मधोमध आहे. मला डोळ्यांनी बघून इतका नेमका जमत नाही."

"काय करतायत?"

लेकीने फोटो उजेडात धरला. "बोलतायत. तोंड उघडं आहे."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि म्हणाल्या, "दुसरं काय करणार?"

आता मी गच्चीवर आहे. आकाश पूर्वीचं राहिलेलं नाही, आकाशगंगा त्या पांढऱ्या दिव्यांत बुडालीय. माझी बिजागरी थोडी कुरकुरते. मागणं एकच आहे: कुठे गच्चीवर दोन माणसं अंधारात बसलेली दिसली, तर जिन्यातला बल्ब तेवढा काढून ठेवा. टाकीवाल्या काकांना जमलं, तुम्हालाही जमेल.

लेकीने माझ्या पाठीवर तिचा नवा कॅमेरा चढवलाय. या कॅमेऱ्याला रोल नाही, कात्री नाही, काठाची गरज नाही. तरी बाईंनी उजेड असतानाच विचारून घेतलं, "माझा पहिला फोटो काढलास ना?" आणि लेक म्हणाली, "काढला." मग बाईंनी अंगठ्याने झाकणावरचं बटण शोधलं. ते जागच्या जागी होतं. मी जबडा उघडायला सुरुवात केली, कणाकणाने, ना घाई, ना धक्का.

"विंचू वर आलाय, आई," लेक म्हणाली. "पण अंधूक आहे. नांगी नीट दिसत नाही." आणि ती थांबली. आता काय सांगावं ते तिला सुचेना.

बाईंचा अंगठा फिरतच होता. आवाज आला होता तिकडे त्यांनी तोंड केलं.

"गप्प नको बसू," त्या म्हणाल्या. "दिसेल ते सांग. बोलत राहा, म्हणजे कळतं कुठे आहेस ते."